घरातून फराळ आणि डबे: घर, हिशेब आणि आभार यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत आमच्या घरातून वर्षभर पोळी-भाजीचे डबे जातात आणि सणासुदीला फराळ. पिशवी हातात घेऊन दारातच उभ्या राहिलेल्या बायका (आणि हल्ली पुरुषही) जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. चकलीचं प्रमाण विचारणारे कमी असतात, 'घरचे काय म्हणतात?' विचारणारे जास्त. त्यामुळे उत्तरंही त्याच मापात आहेत.

सुरू करायचंय. कागदपत्रं काय लागतात?

खाण्याची वस्तू विकायची म्हटलं की एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी पहिली. कायदा २००६ चा आहे आणि तो घरगुती विक्रीलाही लागू आहे. 'मी फक्त ओळखीच्यांनाच देते' ही पळवाट चालत नाही. त्यांच्याच फॉस्कॉस या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म ए भरायचा. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. २०११ च्या नियमांत छोट्या व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी वर्षाला १२ लाख उलाढालीची मर्यादा ठरली होती. अर्ज करताना पोर्टलवर चालू मर्यादा आणि फी बघून घ्या. फॉर्म स्वतः भरला तर खर्च किरकोळ होतो. त्याच फॉर्मचे एजंट हजारो रुपये मागतात, त्यांच्या नादी लागू नका.

उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी वाटावीत अशी सजवलेली खासगी संकेतस्थळं त्यासाठी पैसे घेतात, तेवढं जपा.

जीएसटीची चिंता पहिल्या वर्षी बहुतेकींना नसते. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सूट आहे. मात्र परराज्यात माल विकायला लागलात की ही सूट कामाला येत नाही. बंगळुरूहून कुणी चिवडा मागवला की आपण हुरळून जातो, म्हणून आधीच एकदा सीएशी बोलून घ्या.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, किंमत आणि हिरवा ठिपका हवाच. शेंगदाणे, काजू, दूध, गहू असतील तर ते वेगळे लिहा. ही नुसती औपचारिकता नाही, कुणाच्या तरी नातवाला शेंगदाणा चालत नसतो.

घरचाच गॅस वापरला तर चालेल ना?

नाही. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक घ्यायचा. महाग पडतो हे खरं, पण तो घेतल्यावरच धंद्याला गॅस किती लागतो ते पहिल्यांदा कळतं. तोपर्यंत तो खर्च घरखर्चात मुरलेला असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींशीही सुरुवातीलाच बोला. तळणाचा वास जिन्यात जाणार, डबे न्यायला माणसं येणार, लिफ्ट अडणार. आधी सांगितलेलं लोक सांभाळून घेतात. शेजारच्या काकूंनी तक्रार केल्यावर फराळाचं ताट घेऊन जाण्यापेक्षा तक्रारीआधीच नेलेलं बरं.

भाव कसा ठरवायचा? लोक म्हणतात, घरगुती आहे तर स्वस्त हवं.

हा प्रश्न भावाचा वाटतो, पण घरातली निम्मी भांडणं याच्यातून निघतात. म्हणून जरा सविस्तर.

समजा, दहा किलो चकलीची ऑर्डर आहे. भाजणी, तेल, तीळ, लोणी मिळून किलोला १७० रुपये, म्हणजे १,७०० रुपये. गॅस, पिशव्या, लेबलं यांचे ३०० धरा. झाले २,०००. बहुतेक जणी इथेच थांबतात. किलोला २०० पडले, २८० ला विकली, ८० सुटले, असा त्यांचा आनंद.

आता चकली पाडायला आणि तळायला दोघी सहा तास उभ्या होत्या, ते धरा. बारा तास झाले. बाहेरून बाई बोलावली असती तर तासाला समजा १०० रुपये दिले असते, म्हणजे १,२००. एकूण ३,२०० झाले. त्यावर तुटकी, जळकी, चाखायला गेलेली अशी पाच टक्के घट, १६० रुपये. किलोला ३३६ पडली. २८० ला विकलीत तर किलोमागे ५६ रुपये पदरचे गेले. ते घातले कुणी? तर तुम्ही आणि तुमच्याबरोबर उभ्या राहिलेल्या सासूबाईंनी. आणि यात भाजणी भाजणं, गिरणीत खेप घालणं, 'ताई, जरा कमी तिखट करा हं' हे फोन ऐकणं अजून धरलेलंच नाही.

म्हणून माझा नियम असा: घरातल्या माणसाचा तास बाहेरच्या माणसाच्या तासाइतकाच मोजायचा. मग त्यावर वीसेक टक्के गंगाजळीसाठी. वरच्या हिशेबात भाव ४०० च्या आसपास जातो. महाग वाटणारं गिऱ्हाईक जातं, जाऊ द्यावं.

यात मी काही नवीन सांगत नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथल्या बहिणी संस्थेच्या मालकिणी असतात आणि तरीही लाटलेल्या पापडांची मजुरी प्रत्येकीला वेगळी मिळते. मालकीण आहे म्हणून हात फुकट, असं तिथे नाही. आपल्या स्वयंपाकघरात मात्र तसं असतं, आणि वर आपण त्याला प्रेम म्हणतो.

भाजणी सासूबाईंची, हातही त्यांचाच. पैसे दिले तर त्यांना वाईट वाटतं, नाही दिले तर मला. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एक सून विचारते आणि चार जणी माना डोलावतात.

चकली झाल्यावर तेलकट हातात नोटा ठेवल्या तर कुणालाही वाईटच वाटेल. ती मजुरी वाटते. पण महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या खात्यात ठरलेली रक्कम न बोलता जमा झाली, तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे आईंनी पहिल्या महिन्याचे पैसे देवापुढे ठेवले आणि 'मला काय करायचेत' म्हणाल्या. पुढे त्यांनीच पोस्टात आरडी उघडली. आता नातीच्या वाढदिवसाला काय घ्यायचं ते त्या कुणाला विचारत नाहीत. साडी घेऊन देणं आणि पैसे देणं यातला फरक त्यांच्याकडे बघून मला कळला. साडी आपण निवडतो.

पैशाइतकंच दुसरंही महत्त्वाचं. गिऱ्हाईक दारात 'काय खुसखुशीत झालीये हो!' म्हणालं की तिथल्या तिथे सांगायचं, 'भाजणी आईंची.' त्यांना ऐकू जाईल असं. आत येऊन त्यांच्या कानात सांगण्यात काही अर्थ नाही. पाकिटावर त्यांचं नाव किंवा फोटो छापायचा असेल तर आधी विचारा. आवडेलच असं गृहीत धरू नका. काहींना संकोच वाटतो आणि काहींना, खरं सांगायचं तर, फोटो वेगळा हवा असतो.

आणि त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या बाईला 'तुमच्यासारखी कुणाला जमत नाही' असं म्हणून रोज तळायला बसवणं हे कौतुक नव्हे. दुपारच्या जेवणानंतर आई कढईजवळ येत नाहीत. मोठी ऑर्डर असली तरी नाही. त्यांचं प्रमाण मी वजनात लिहून घेतलं आहे: तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, आणि धणे-जिरे त्यांच्या मुठीने. मूठ वजनकाट्यावर ठेवली तेव्हा त्या हसल्या होत्या, पण आता त्या गावी गेल्या तरी चव तीच राहते.

नवरा 'मदत' करतो, पण चार लोकांत ऐकवतो. माझं चुकतंय का?

ऐकवतो, कारण त्याच्या लेखी ती मदतच आहे. स्कूटरवर डबे पोचवणं हे काम आहे आणि त्याला ठरलेली वेळ, ठरलेले पैसे आणि ठरलेली सुट्टी हवी. सोमवार ते शुक्रवार सकाळचे डबे त्याच्याकडे, शनिवारी पोरगा ठेवायचा. पेट्रोल धंद्याच्या खात्यातून. एकदा काम कागदावर आलं की ऐकवण्यातली हवा निघून जाते. मग आभार मानायलाही जीभ अडखळत नाही. उपकार मोजले जात असले की आपणही मनातल्या मनात उलटे उपकार मोजायला लागतो, आणि ती बेरीज कधीच जुळत नाही.

धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि ते तुमच्या नावावर ठेवा. नॉमिनी लावा. क्यूआर कोड त्याच खात्याचा. नवऱ्याच्या नंबरवर पैसे येत असतील तर ते घरात कधी विरघळले ते तुम्हाला कळणारही नाही, आणि उद्या कर्ज मागायला गेलात की बँकेला दाखवायला तुमची उलाढालच नसेल.

मी पुरुष आहे. नोकरी गेली, डबे सुरू करायचेत. लोक हसतील का?

पहिले पंधरा दिवस हसतील, मग भाजी कालच्यापेक्षा पातळ का झाली ते विचारतील. सुरू करा. एकच सांगते: बायकोने स्वयंपाक करायचा आणि तुम्ही 'मालक' व्हायचं, असा बेत असेल तर वरचे दोन प्रश्न परत वाचा.

दिवाळीच्या तोंडावर मुलांची परीक्षा असते. अभ्यास कुणी घ्यायचा?

सहामाही आणि फराळ यांचं भांडण जुनं आहे. अधिक महिना आला की दिवाळी पुढे जाते आणि जरा श्वास मिळतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. बाकीच्या वर्षी शाळेचं वेळापत्रक हातात पडल्याशिवाय ऑर्डरीचा आकडा ठरवू नये. मी आधी परीक्षेचे दिवस कॅलेंडरवर लाल करते, मग उरलेल्या दिवसांत किती किलो निघेल ते बघते. उलटं केलं की लेकीला पाढे विचारताना लक्ष कढईत राहतं, आणि दोन्ही कच्चं राहतं.

मुलांना कामाला लावावं का? लेबलं चिकटवणं, पत्ते लिहिणं, वजन तपासणं जरूर. त्याचे पैसे द्या, थोडे का होईनात. कढईजवळ मात्र अजिबात नको. आणि घरासाठीचा फराळ शेवटी उरलेल्या चुऱ्यातून करायचा नाही. पहिल्या घाण्यातला डबा भरून वर कपाटात ठेवायचा. घरातल्या पोरांना तुटक्या चकल्या आणि गिऱ्हाइकाला अख्ख्या, हे मुलं लक्षात ठेवतात. बोलत नाहीत.

गिऱ्हाईक रात्री अकराला मेसेज करतं. उत्तर नाही दिलं तर ऑर्डर जाते.

व्हॉट्सॅप बिझनेस घ्या, वेळ टाका, रात्री आपोआप उत्तर जाईल असं लावा. 'सकाळी ९ नंतर कळवते.' अकराला मेसेज करणाऱ्याला अकराला उत्तर नकोच असतं, त्याला तेव्हा आठवलेलं असतं एवढंच. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवू नका, असं मी लिहिलं असतं. पण आमच्याकडे टेबल नाही, ओट्यावर असतो आणि पीठ लागलेल्या बोटांनी उघडत नाही. तीच सोय.

नातेवाईक फुकट नाही तर निम्म्या भावात मागतात. नाही कसं म्हणायचं?

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! दिवाळीच्या आठवड्यात नणंदेचा फोन येतो, 'अगं, चार किलो चिवडा आमच्या ऑफिसला पण लागेल.' बिल मागायला जीभ रेटत नाही.

मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. भेट म्हणून जे द्यायचं ते मी स्वतः देते: भावाकडे, नणंदेकडे, आईच्या घरी प्रत्येकी एक डबा, न मागता, लक्ष्मीपूजनाआधी. त्याचं बिल नाही आणि त्याची आठवणही करून द्यायची नाही. त्यापलीकडे जे मागितलं जाईल ते ऑर्डरीच्या वहीत, सगळ्यांच्याच भावाने. भेट आधी पोचलेली असली की भाव सांगणं सोपं जातं. 'घरचा डबा दिलाय, हे ऑफिसचं आहे ना, मग दर पाठवते.' कुणी रागावलंच तर भाऊबीजेपर्यंत उतरतो.

सवलत द्यायचीच असेल तर ज्यांनी पहिल्या वर्षी, नाव नसताना, विश्वासाने ऑर्डर दिली त्यांना द्या. माझी पहिली काही गिऱ्हाइकं आजही जुन्या भावाच्या जवळपास घेतात. त्यांना मी ते कधी बोलून दाखवत नाही, त्यांना माहीत असतं.

मदतीला मावशी ठेवल्या आहेत. त्यांना घरच्यासारखं वागवते. अजून काय करायला हवं?

'घरच्यासारखं' या शब्दाने सावध व्हा. घरच्यांना आपण पगार देत नाही, सुट्टी देत नाही आणि रात्री नऊला 'जरा अजून एक घाणा' म्हणतो. मावशींना तासाचा दर, जास्त वेळेचा जास्त दर, आठवड्याची एक सुट्टी आणि दिवाळीला एक पगार बोनस. आणि तो बोनस वसुबारसेच्या आधी. त्यांनाही बाजार करायचा असतो, त्यांच्याही घरी करंज्या व्हायच्या असतात. पाडव्याला दिलेला बोनस त्यांच्या दिवाळीला उपयोगी पडत नाही.

बसायला उंच स्टूल घ्या. चकली पाडायला दाबाचा सोऱ्या घेतलात तर मनगटं वाचतात. हे दोन्ही सगळ्यात आधी घ्यायचं, ओव्हन नंतर.

रोज कृतज्ञतेची वही लिहा असं सगळीकडे सांगतात. मला तर झोपायलाही वेळ नाही.

मग झोपा.

आभार मानण्याच्या जागा आपल्याकडे वर्षात आधीच आखलेल्या आहेत, त्या नीट पाळल्या तरी पुरतं. शेतकरी पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो आणि त्या दिवशी त्याला जुंपत नाही. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आम्ही खंडेनवमीला सोऱ्या, झारा, वजनकाटा आणि मिक्सर धुऊन पाटावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो आणि त्या दिवशी गॅस पेटवायचा तो फक्त घरच्या जेवणाला. दिवाळी तीन आठवड्यांवर असते, ऑर्डरी तुंबलेल्या असतात, तरी सुट्टी म्हणजे सुट्टी. मावशींनाही, पगारी.

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. त्या वहीच्या शेवटच्या पानावर मी नावं लिहिते, यंदा कुणाचं काय देणं राहिलं. पैशाचं नव्हे. उदाहरणार्थ, आमचे गिरणीवाले. उपासाची भाजणी दळायची तर आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहून चालत नाही. ते आमचा डबा बघितला की आधी मूठभर साबुदाणा-वरी घालून गिरणी फिरवतात, ते पहिलं पीठ वेगळ्या कागदात काढून ठेवतात आणि मग आमचं दळण ओततात. दिवाळीच्या गर्दीत, मागे रांग ओरडत असताना. त्याचे ते जास्त पैसे घेत नाहीत. त्यांचं नाव त्या पानावर असतं आणि धनत्रयोदशीला त्यांच्याकडे फराळाबरोबर पाकीटही जातं. वाण्याने पहिल्या वर्षी तेलाचे डबे उधार दिले होते. त्याची परतफेड म्हणजे त्याचं बिल आजही सगळ्यांच्या आधी भागतं. कृतज्ञतेचं मला एवढंच समजतं: ज्याचं नाव लिहिलं त्याच्यापर्यंत काहीतरी पोचलं पाहिजे, नाहीतर ती वही नुसती आपल्याला बरं वाटायला.

कर्ज घ्यावं का?

छोट्या धंद्यांना कर्ज देणारी सरकारची मुद्रा योजना एप्रिल २०१५ पासून आहे. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, आणि तारण लागत नाही. आटाचक्की किंवा मोठा फ्रीझर घ्यायचा तर शिशु पुरतं. दागिने गहाण ठेवण्याआधी बँकेत जाऊन या.

ज्यांना कर्जाची भीती वाटते त्यांना मी गिरणगावची गोष्ट सांगते. गिरणी कामगारांना जेवण रांधून घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजात पिचलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. धंदा त्या आधीही करतच होत्या, जेवण तेच होतं. व्याज कमी झालं तसा हातात पैसा राहू लागला. म्हणून कर्ज 'घ्यावं का' यापेक्षा कुणाकडून आणि किती टक्क्यांनी, ते आधी बघा. भिशीतून उचललेली रक्कमही कर्जच असते, लक्षात ठेवा.

चकल्या मऊ पडल्या आणि ऑर्डर उद्या आहे!

तेल फार तापलं असणार. वरून लाल, आतून कच्ची, मग दुसऱ्या दिवशी मऊ. मंद आचेवर पुन्हा तळून बघा, बऱ्याचदा सुधारते. तेलात विरघळत असेल तर मोहन (पिठात घातलेलं तेल-लोणी) जास्त झालंय, थोडी भाजणी मिसळा. पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून मळा. काहीच जमलं नाही तर गिऱ्हाइकाला रात्रीच फोन करा. सकाळी दारात सांगू नका. पैसे परत, आणि पुढचा फराळ वेळेत. राग घरातल्यांवर काढायचा नाही, हे मात्र अवघड आहे.

परदेशात पाठवता का?

हो. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चकली, चिवडा व्यवस्थित जातो. खव्याचं काहीही नाही; ऑस्ट्रेलियात तर दुधाची मिठाई आत घेतच नाहीत. डबा दसऱ्याच्या आधीच निघायला हवा. मुलगा तिकडे असलेल्या आया लाडू बांधायला स्वतः येऊन बसतात, तर येऊ द्या. त्या दिवसाचं काम थोडं मागे पडतं. आमच्याकडे एक काकू दरवर्षी येतात, पाच लाडू स्वतःच्या हाताने वळतात, ते वेगळ्या कागदात बांधतात आणि पैसे पूर्ण किलोचे देतात. मी परत करायला गेले की रागावतात.

धंदा वाढतोय. गाळा घेऊ का?

नवीन माणूस ठेवता येत नाही इतकी जागा कमी पडत असेल तर घ्या. घरात पसारा होतो म्हणून घेत असाल तर थांबा. गाळ्याचं भाडं पावसाळ्यातही द्यावं लागतं. संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला श्रीखंड, उन्हाळ्यात कुरडया-पापड, गणपतीत उकडीचे मोदक, मग नवरात्र, दिवाळी. मधे आषाढ आणि पितृपक्षात गोडाला मागणी नसते. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांनी भागून बघा, दिवाळीच्या महिन्यावरून ठरवू नका. आणि हो, न वाढवणं हाही निर्णयच आहे. रोज चाळीस डबे आणि संध्याकाळी सहाला ओटा पुसून मोकळं, यात मला कमीपणा वाटत नाही.

अनारशाचं पीठ विकत मिळेल का? माझे अनारसे हसतात.

मिळेल. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे, मग गूळ घालून पीठ मुरवायचं, त्यामुळे आठ-दहा दिवस आधी सांगावं लागतं. हसतात म्हणजे तुपात पसरून फुटतात, तेव्हा पीठ सैल आहे किंवा गूळ जास्त झालाय. चमचाभर कोरडी तांदळाची पिठी मिसळून एक अनारसा तळून बघा, मग पुढचे थापा. खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात जावयाच्या वाणाला ३३ अनारसे लागतात, तेव्हा पिठाला रांग असते. नंबर महिनाभर आधी लावा.